‘कॉस्मिक लेथ’च्या पहिल्या रांगेत

सुचेता पांढरीपांडेला सतराव्या वर्षी संध्याकाळी एकटीनं कुठं जायची परवानगी नव्हती आणि त्यापायी तिच्या वडिलांचे कान कायमचे बिघडले, असं तिची आई लीलावती पुढं आयुष्यभर सांगत राहिली.

वडील म्हणजे नरहरराव. विजेच्या यंत्रांच्या कारखान्यात वाइंडिंग विभागात, म्हणजे तारा गुंडाळायच्या खात्यात, चार्जमन. नागपूरहून भोपाळला, बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये येऊन त्यांना पंधराएक वर्षं झाली होती. सकाळी पहिल्या भोंग्याला स्कूटरला किक, संध्याकाळी रेडिओवर शास्त्रीय गाणं आणि गणपतीत भजनी मंडळाची ढोलकी, एवढा त्यांचा संसाराबाहेरचा पसारा. आवाज चढवून बोलणं त्यांना जमत नसे. भाजीवाल्याशी घासाघीस करायची तरी ते लीलावतीबाईंना पुढं करत.

त्या वर्षी टाउनशिपच्या क्लबात थंडीतला वार्षिक कार्यक्रम होता. १९८०चं साल. नकला झाल्या, कव्वाली झाली आणि मग निवेदकानं जाहीर केलं, “अब पेश है हमारे ट्रेनी साथियों का ऑर्केस्ट्रा, कॉस्मिक लेथ!”

मागून कुणीतरी ओरडलं, “ये लेथ कौन से शॉप में लगा है भाई?”

लेथ म्हणजे कारखान्यातलं कातकामाचं यंत्र; मंडप हसला. स्टेजवर पाच पोरं आली. सगळी ट्रेनी इंजिनियर, हॉस्टेलवर राहणारी, साहेब लोक खपवून घेतील तेवढेच केस वाढवलेली. ऑर्गनवर श्रीकांत होता. तो ऑर्गन त्यानं स्वतःच जुन्या पेटीच्या पट्ट्या आणि रेडिओचे भाग जोडून बनवला होता. ड्रमवर अमरावतीचा विलास. लोक खुर्च्या सरसावून बसले, आता नवीन सिनेमातलं काहीतरी ऐकायला मिळणार म्हणून.

श्रीकांतनं एक सूर दाबून धरला. तो सोडेचना. मग त्याच्याखालून गिटार आली, हळूच, कुणी झोपलेल्या घरात चपला हातात घेऊन शिरावं तशी. मग विलासनं काठ्या उचलल्या आणि पुढं जे काही सुरू झालं त्याला गाणं म्हणावं की काय, हेच लोकांना कळेना. शब्द आले ते इंग्रजी, तेही दोनच ओळी, आणि पुन्हा वाजवणं. चाल लागतेय असं वाटलं की पोरं ती टाकून दुसरीकडेच निघायची. समोस्याच्या स्टॉलकडं पहिली लाट गेली, मग दुसरी. “अरे कोई फिल्मी सुनाओ यार,” असा एक हताश आवाज आला आणि त्यालाही कुणी दाद दिली नाही.

सुचेता मात्र जागची हलली नाही. तिनं असलं काही आधी ऐकलंच नव्हतं. एरवी गाणं सुरू झालं की ते कुठं जाणार हे तिला पहिल्या कडव्यातच कळायचं. इथं पुढच्या क्षणी काय होईल याचा पत्ताच नव्हता, आणि त्या पत्ता नसण्यानंच जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखी तिनं खुर्ची घट्ट धरली होती. शेवटी पाचही जण एकदम एका सुरावर येऊन आदळले आणि थांबले, तेव्हा ती उभी राहून टाळ्या वाजवत होती. वळून बघितलं तर आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या आणि शेजारी बाबा. दोन्ही कानांत रुमालाची टोकं कोंबलेली, उजवा हात मांडीवर, आणि कपाळावर अशी आठी की जणू कुणी त्यांचा हिशोबाचा कागद उलटा धरला होता.

“सम कुठं आहे यांची?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“सम गं. मी मघापासून मोजतोय. सात धरतो, जमतं. पुढं जमतच नाही. बाप्पा, काय पोरं आहेत!”

स्कूटरवर घरी येईपर्यंत ते हेच बडबडत होते.

दोन महिन्यांनी कळलं की कॉस्मिक लेथ पिपलानीच्या मैदानावर वाजवणार आहेत. सुचेतानं आईजवळ विषय काढला. लीलावतीबाई पोळ्या लाटत होत्या.

“बाबा येत असतील तर जा,” त्या म्हणाल्या. नवरा जायचा नाही याची त्यांना खात्री होती.

नरहररावांनी वर्तमानपत्रातून मान वर केली. “पोरीनं एवढं म्हटलंय तर... जाऊन येऊ. तासाभराचा तर प्रश्न.”

या खेपेला त्यांनी कापसाचे बोळे बरोबर घेतले. कार्यक्रम अडीच तास चालला. अर्ध्यात सुचेताच्या लक्षात आलं की एक बोळा बाबांच्या खिशात गेलाय. कार्यक्रम संपल्यावर, ती नको नको म्हणत असताना, ते थेट स्टेजमागं गेले. विलास मानेवरचा घाम पुसत होता.

“तुम्ही ड्रमवाले? अमरावतीचे ना? मी नरहर पांढरीपांडे, वाइंडिंगला असतो. एक सांगू का, राग मानू नका. त्या भट्टीच्या गाण्यात तुमची सम चुकते.”

पोरांची सगळ्यांत मोठी रचना होती ‘फर्नेस’. तिचे चार भाग होते आणि मराठी पोरं तिला आपसांत भट्टीच म्हणत. विलास हसला. “चुकत नाही काका. मुद्दाम सरकवतो. सात, सात, मग नऊ. ऐकणारा पडायला पाहिजे.”

“पडायला पाहिजे?” नरहरराव चाट पडले. “काहून?”

“मग उठल्यावर मजा येते ना!”

नरहररावांना हे उत्तर पटलं नाही. पण आठवडाभर जेवताना त्यांची बोटं ताटाच्या कडेवर वाजत राहिली आणि लीलावतीबाई म्हणत राहिल्या, “आधी भात संपवा.”

मग तो शिरस्ताच पडला. वर्ष-दीड वर्षात इंजिनियरिंग कॉलेजचं गॅदरिंग झालं, हॉस्टेलचं मेसपुढचं अंगण झालं, एकदा तर श्रीकांतच्या चुलतभावाच्या लग्नात नेहरू नगरच्या एका मांडवात पोरांनी वाजवलं आणि तिथं नवरदेवाच्या मामांनी मध्येच ऑर्गनची वायर काढली. सगळीकडं सुचेता आणि तिच्या सोबतीला बाबा. ऐकणारे कधी चाळीस असत, कधी पंधरा. त्यांतले बरेचसे जेवणाची वाट बघणारे. सुचेताला प्रत्येक वेळचा फरक आठवायचा. कधी गिटारची तार तुटलेली, कधी तिसरा भाग इतका संथ घेतलेला की मागच्या बाकावरचं तान्हं बाळ झोपी गेलं. कॉलेजातल्या मैत्रिणी, शशिकला आणि कल्पना, म्हणायच्या, “तुला यात दिसतं तरी काय गं?” तिला एवढंच ठाऊक होतं की त्या अडीच तासांत आपण बरखेड्यात असतोही आणि नसतोही.

आणि घरी नरहररावांचं पालुपद ठरलेलं असे. “माझं काय, मी पोरीच्या सोबतीला जातो. नाहीतर तो गोंगाट कोण ऐकेल?”

पुढच्या मार्चमध्ये सुचेताला कावीळ झाली. उसाचा रस, मुगाचं वरण आणि अंथरूण. नेमका तेव्हाच शहराबाहेर मंडीदीपला एका नव्या कारखान्याच्या उद्घाटनाला कॉस्मिक लेथचा कार्यक्रम ठरला, रविवारी दुपारी. तिनं भिंतीकडं तोंड करून रडून घेतलं. त्या रविवारी नरहरराव सकाळीच डबा घेऊन निघाले. मोठं काम आलंय, ओव्हरटाइम आहे, म्हणाले.

चार दिवसांनी विलास आणि श्रीकांत मोसंबी घेऊन तिला बघायला आले. लीलावतीबाईंनी पोहे केले. नरहरराव आरामखुर्चीत बसले होते.

“तू हवी होतीस गं,” विलास म्हणाला. “मंडीदीपला भट्टी काय जमली! पण काका होते, ते बरं झालं. पहिल्या रांगेत एकटेच. बाकी सगळी रांग रिकामी.”

सुचेतानं उशीवरून मान वळवली. लीलावतीबाई पोह्यांची कढई तशीच हातात धरून उभ्या.

“कोणते काका?” त्यांनी विचारलं.

“हे आपले... काकाच.” विलासला आपण कुठं पाय ठेवला ते आता कळलं होतं. श्रीकांत पोह्यांतले शेंगदाणे निरखू लागला.

“ओव्हरटाइम होता ना हो तुम्हाला?”

“होता,” नरहरराव म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “म्हणजे... व्हायचा होता. मग नाही झाला. मग म्हटलं डबा बरोबर आहेच, तर... सुचेला आजारपणात सांगता येईल, काय वाजवलं ते.”

“मग सांगितलं का नाही?” सुचेतानं विचारलं.

नरहररावांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि शेवटी पोरीकडं पाहिलं. “तुला वाईट वाटलं असतं. तू नव्हतीस आणि त्यांनी नऊची सम अशी काही टाकली, सुचे, की मी खरंच पडलो.”

सुचेता हसायला लागली. काविळीनं पिवळी पडलेली, अशक्त, पण पोट धरून हसत होती. इतक्या दिवसांत तिला एकदाही वाटलं नव्हतं की आपल्याबरोबर येणारा हा माणूस स्वतःसाठी येतोय. लीलावतीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कढई खाली ठेवली आणि म्हणाल्या, “डब्यात मी कारल्याची भाजी दिली होती. ती तरी खाल्लीत का?”

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर ट्रेनींच्या बदल्यांचे आदेश निघाले. कुणी हरिद्वारला, कुणी त्रिचीला. विलास हैदराबादला. जाण्याआधी पोरांना शेवटचा कार्यक्रम करायचा होता. कारखान्याच्या सभागृहात सुरक्षा स्पर्धांचा बक्षीस समारंभ होता, त्यात त्यांना जागा मिळाली. अट एकच, मोठे साहेब आले की आवरतं घ्यायचं.

सभागृह या वेळी भरलेलं होतं, बक्षिसांमुळं का होईना. पोरांनी ‘फर्नेस’ घेतली. पहिला भाग झाला, दुसरा झाला. तिसरा चालू असताना साहेब आले, पुढच्या सोफ्यावर बसले आणि त्यांनी घड्याळ बघितलं. बाजूच्या अधिकाऱ्यानं विंगेत उभ्या असलेल्या इलेक्ट्रिशियनला वीज बंद करायची खूण केली. सुचेतानं ती पाहिली. तिनं बाबांच्या बाहीकडं हात नेला, पण बाबा तिथं नव्हते.

नरहरराव मधल्या वाटेनं सोफ्याकडं चालले होते. वाकून, दोन्ही हात जोडून, देवळात शिरल्यासारखे.

“सर,” ते म्हणाले. “अभी खतम नहीं हुआ है. एक हिस्सा बाकी है.”

“आप कौन?” अधिकाऱ्यानं विचारलं.

“चार्जमन पांढरीपांडे, वाइंडिंग. सर, ये लड़के कल जा रहे हैं. बीच में काटा तो... तो फिर कभी पूरा नहीं होगा.”

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण तिसरा भाग अगदी हळू असल्यामुळं चार रांगांना तो ऐकू गेला. साहेबांनी नरहररावांकडं पाहिलं, स्टेजकडं पाहिलं आणि सोफ्यावर मागं टेकले. इलेक्ट्रिशियन हात खाली करून उभा राहिला.

चौथा भाग पुरा वाजला. विलासनं तो आयुष्यात वाजवला नसेल असा वाजवला आणि शेवटच्या आघाताला नरहररावांनी तिथंच, मधल्या वाटेत उभ्या उभ्या, हवेत हात आपटून सम दाखवली. टाळ्या फार नव्हत्या. पण या वेळी कुणी उठून गेलं नव्हतं, आणि सुचेताला तेवढं पुष्कळ होतं.

सोमवारी नरहररावांना केबिनमध्ये बोलावून समज देण्यात आली. शिस्त, मर्यादा, जागेचं भान, वगैरे. ते घरी आले ते पावशेर जिलबी घेऊन. “समज मिळाली,” त्यांनी सांगितलं आणि पहिली जिलबी स्वतःच उचलली.

पुढं जे व्हायचं ते झालं. पोरं पांगली, साहेब झाली, टकली झाली. सुचेताला सरकारी ऑफिसात नोकरी लागली, विश्वासशी लग्न झालं, नेहरू नगरला घर झालं. विश्वास भला माणूस, पण दहा मिनिटांच्या वरचं गाणं त्याला सहन होत नसे. कॅसेट आल्या, सीड्या आल्या, परदेशी बँडांची ती लांबच लांब गाणी आता घरबसल्या मिळू लागली. रविवारी बाबा यायचे आणि बापलेक दार लावून ऐकत बसायचे.

नरहरराव शहात्तर वर्षांचे असताना तसलाच एक परदेशी बँड पुण्याला येणार असल्याचं सुचेतानं वाचलं. तिनं बाबांना नुसतं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बॅग भरून दारात हजर.

मैदानावर सगळी काळ्या कपड्यांतली तरुण मंडळी. त्यांत एक सफारी घातलेले, मफलर गुंडाळलेले आजोबा आणि त्यांची सत्तेचाळीस वर्षांची मुलगी. ऊन उतरता उतरता वाजवणं सुरू झालं. आवाज असा की छातीची फासळी न् फासळी हलावी. सुचेतानं आयुष्यात पहिल्यांदा हे संगीत एवढ्या माणसांमध्ये उभं राहून ऐकलं. हजारो लोक तिच्यासारखेच, पुढं काय होणार हे ठाऊक नसलेले आणि त्यातच खूश. तिच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि बाबांनी बघू नये म्हणून ती वळली, तर ते तिच्याकडं बघतच नव्हते. शेजारच्या तीन अनोळखी पोरांना ते बोटांवर मात्रा मोजून दाखवत होते आणि ती पोरं मन लावून मोजत होती.

परतताना गेटाजवळच्या स्टॉलवर नरहररावांनी काळा टी-शर्ट घेतला. त्यावर एका आगीच्या डोळ्याचं भलंमोठं चित्र होतं. सुचेताला वाटलं, नातवासाठी असेल.

भोपाळला आल्यावर तिसऱ्याच दिवशी लीलावतीबाईंचा फोन आला. “तुझे बाबा ते घालून फिरायला गेलेत. बागेत सगळ्यांसमोर! समोरच्या सरोजताई विचारत होत्या, पांढरीपांडेकाकांनी कुठला पंथ घेतला का म्हणून.”

“मग तू काय सांगितलंस?”

लीलावतीबाई म्हणाल्या, “सांगितलं की हो, घेतलाय. आणि म्हटलं, आमची मुलगीपण त्यातलीच आहे.”