मागच्या बाजूचे आठ स्क्रू

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. देवदाराची, अडीच हात लांब, पुढे पितळी कुलूप आणि मागे दोन बिजागऱ्या. मला माझी पाठ कुणाला दाखवायला आवडत नाही. पूर्वी असे नव्हते.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावात रूफस टार्पली नावाचे सुतार होते. मुलगी व्हर्लीन सोळा वर्षांची झाली तेव्हा तिच्या लग्नाचे कपडे ठेवायला त्यांनी मला घडवले. बिजागऱ्या बसवायचे काम त्यांनी धाकट्या मुलाला, ओडेलला दिले. रूफस म्हणाले, "स्क्रू घट्ट बसला म्हणजे झालं असं नाही. आठही स्क्रूंच्या डोक्यावरची चीर उभी आली पाहिजे. मागं कोण बघतंय, असं म्हणणारा सुतार माझ्या घरात नको."

ओडेलने आठही चिरा उभ्या आणल्या. त्या दिवशी माझे कौतुक पुढून कमी आणि मागून जास्त झाले.

व्हर्लीनचे लग्न काही झाले नाही. ती शाळेच्या भटारखान्यात स्वयंपाक करू लागली. माझ्यात तिची ईस्टरला चर्चमध्ये घालायची टोपी, एका खलाशाची जुनी पत्रे आणि तळाशी आईने शिवलेली गोधडी होती. आई गेल्यापासून ती गोधडी तिने उलगडली नव्हती. किल्ली गळ्यातल्या साखळीत असे. रूफस वारले तेव्हा घरातल्या दोनच वस्तू नावानिशी वाटल्या गेल्या. मी व्हर्लीनची आणि रूफस यांचे पिस्तूल ओडेलचे.

पुढे ओडेलने दारूच्या दुकानात एका माणसाचा जबडा मोडला. न्यायालयाने तुरुंगाऐवजी त्याला पाच वर्षांच्या प्रोबेशनवर सोडले, म्हणजे अटी पाळून घरीच राहायचे. वकिलाने पुढ्यात तेरा कागद ठेवले. "इथं सही, इथं, आणि इथं," असे तो म्हणत गेला आणि ओडेल करत गेला. त्यातल्या एका कागदावर लिहिले होते की अधिकारी न सांगता, न्यायालयाच्या हुकुमाशिवाय केव्हाही येऊन त्याचे घर तपासतील. दुसऱ्यावर होते की घरात हत्यार नको. ही अट मोडली तर थेट तुरुंग.

तो बहिणीकडे राहायला आला, तेव्हा तिने पहिला प्रश्न हाच विचारला.

"बाबांचं पिस्तूल कुठंय?"

"पर्सीकाकांना दिलं, तिकडं सव्हाना शहरात."

"खरं सांग."

"आईच्या थडग्याची शपथ, ताई."

तिने विश्वास ठेवला. मीही ठेवला. आमच्या जागी तुम्हीही ठेवला असता.

मग झडत्या सुरू झाल्या. एका रविवारी मासे तळून ताटात पडायच्या आत दोन पोलीस आले. त्यांनी ओडेलची गादी उलटी केली, मक्याच्या पिठाचा डबा टेबलावर ओतला आणि बैठकीची खोलीही पालथी घातली. शेवटी एकाने व्हर्लीनच्या दाराला हात लावला, तेव्हा ती हातातल्या झाऱ्यासकट आडवी उभी राहिली.

"सही त्यानं केलीय, मी नाही. त्याची खोली बघा, स्वयंपाकघर बघा. ही खोली माझी. तो इथं पाऊल टाकत नाही आणि तुम्हीही टाकायचं नाही. हुकूम आणा, मग बोलू."

चर्चमधल्या एका वकीलबाईंनी तिला हे शिकवले होते. पोलीस एकमेकांकडे बघून परतले. व्हर्लीन आत येऊन माझ्या झाकणावर बसली. मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता. सगळ्या घरात आम्ही दोघीच कुणाच्या ताब्यात नव्हतो. दर महिन्याच्या अहवालात एक ओळ जाई: एक खोली बंद, पाहिली नाही.

साडेचार वर्षे अशी गेली. एके दुपारी व्हर्लीन शाळेत असताना ओडेल तिच्या खोलीत आला. मला वाटले, खिडकी दुरुस्त करायला आला असेल. त्याने मला भिंतीपासून ओढले आणि मागचे आठ स्क्रू काढले. कुलपाला त्याने बोटही लावले नाही. झाकण मागून उचलून गोधडीच्या घड्यांत काहीतरी जड सरकवले आणि स्क्रू परत बसवले. आठही चिरा उभ्या. हे शिकवणाऱ्याचेच पिस्तूल होते ते. ते त्याने काकांना दिलेच नव्हते. इतके दिवस एका मित्राच्या गॅरेजमध्ये ठेवले होते, आणि आता तो मित्र गाव सोडून चालला होता.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडले असते. ज्याने माझ्या आठही चिरा उभ्या आणल्या, त्यानेच मला मागून उघडले.

पंधरा दिवसांनी टिलमनबाई आल्या. ओडेलवर देखरेख ठेवणाऱ्या त्या अधिकारी होत्या. त्या दिवशी हसतच म्हणाल्या, "मिस व्हर्लीन, शेवटचे चार महिने माफ व्हावेत म्हणून मी अर्ज करतेय. पोरानं हजेरीची एक तारीख चुकवली नाही."

व्हर्लीनच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, "मग शेवटच्या कागदावर 'एक खोली बंद' नको. या, बघून घ्या."

"अहो, काही गरज नाही. खोली तुमची आहे. नाही म्हणालात तर मी उंबऱ्यावरून मागं फिरेन, कुणी विचारणारही नाही."

ओडेल खोलीबाहेरच्या बोळात उभा होता. "ताई, राहू दे ना. तो तुझा हक्क आहे."

"माझा आहे म्हणूनच उघडते," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाही उघडायचं तर कुणासाठी?"

त्याच क्षणी त्याने खरे सांगितले असते तर बाई अजून उंबऱ्याबाहेरच होत्या. तो भिंतीकडे बघत राहिला.

व्हर्लीनने साखळीतली किल्ली लावली. बाईंनी माझ्यात हातसुद्धा घातला नाही. व्हर्लीननेच कौतुकाने गोधडी वर काढली, "ही बघा, माझ्या आईच्या हातची," म्हणत ती झटकली, आणि पिस्तूल जमिनीवर पडले.

टिलमनबाईंनी डोळे मिटले. "हे तुम्ही मला का दाखवलंत हो?" त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी फोन लावला.

ओडेलला दोन वर्षांचा तुरुंग झाला. त्याला नेल्यावर व्हर्लीनने मला फिरवून माझी पाठ पाहिली. चिरा उभ्याच होत्या, पण प्रत्येकीत पेचकसाची नवी चकाकी होती. तिने आठही चिरांवरून बोट फिरवले. महिन्याने त्याचे पत्र आले. त्यात लिहिले होते, "सगळ्या घरात तुझी पेटी तेवढी त्यांच्या हाताबाहेर होती, म्हणून." तिने ते खलाशाच्या पत्रांत ठेवले नाही. चुलीत टाकले.

आता ओडेल परत आला आहे, नव्या अटी आणि नव्या सह्या घेऊन. त्याची जेवणाची थाळी ती झाकून ठेवते, कपडेही धुते. पण मला तिने बैठकीच्या खोलीत आणले आहे आणि माझे कुलूप काढून टाकले आहे. अधिकारी आले की पहिल्यांदा मलाच उघडतात. माझ्यात जुन्या चादरी आहेत. तिच्या खोलीच्या दारातही ती आता आडवी उभी राहत नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो, घरात कुणाची एखादी बंद जागा असेल तर ती जपा. ती मोठ्या मिनतवारीने मिळालेली असते. आणि तुम्हाला तिची मागची बाजू ठाऊक असेल, तर दुप्पट जपा.

परवा ओडेल माझ्यामागे गुडघे टेकून बसला. "ताई, एक स्क्रू सैल झालाय. पेचकस दे जरा."

व्हर्लीन मटार सोलत होती. "असू दे सैल," ती म्हणाली. तिने मान वर केली नाही.