आठपट ताण

माकणीच्या बलभीमअण्णांनी तुटलेला दोर टेबलावर आपटला. "विहिरीतनं मोटार वर काढत हुतो. अर्ध्यात तुटला. मोटार गेली तळाला! असला दोर कशाला इकता?"

लोहाऱ्याच्या रस्त्यावरच्या त्या कारखान्यात प्लॅस्टिकच्या धाग्यांचे दोर बनत. मशीन सांभाळणारे रामलिंगमामा तिथले सगळ्यात जुने. माल तपासायला सास्तूरची शिवप्रिया सहा महिन्यांपूर्वी लागली होती.

"कपारीला घासला असंल," मामा लांबूनच म्हणाले.

शिवप्रियानं दोर उलगडला. घासल्याची खूण कुठंच नव्हती. तुटल्या जागी धागे मात्र लांबून बारीक झाले होते. तिनं मशीनमधून नुकताच निघालेला, अजून न ताणलेला धागा उचलला आणि हळूहळू ओढला. तो पातळ होत लांबला, लांबला आणि मग एकदम ताठला.

"आता तोडा, अण्णा."

अण्णांनी जोर लावला. धागा बोटात रुतला, पण तुटला नाही.

"प्लॅस्टिकमध्ये बारीक साखळ्या असतात, गुंता झालेल्या. ओढलं की त्या एका दिशेनं लागतात आणि सगळ्या मिळून वजन धरतात," ती म्हणाली. "मामा, आपण ओढायचं काम अर्ध्यावर सोडलं. उरलेलं विहिरीत मोटारीच्या वजनानं केलं."

मशीनवर धागा संथ रुळांवरून निघून गरम पाण्याच्या टाकीतून जाई आणि पुढचे वेगवान रूळ त्याला ताणत. पूर्वी आठपट ताणायचे. मामांनी ते पाचवर आणलं होतं.

"म्या काय हौसेनं कमी केलं?" मामा चिडले. "सहाच्या वर नेलं की पटापटा तुटतात!"

"मग पाणी गार असणार. गार धागा वेगानं ओढला की तुटतो."

"काटा पंचाण्णव दावतोय की."

तिनं दुसरा तापमापक टाकीत बुडवला. बहात्तर. काटा अडकला होता आणि हीटरची एक कॉइल जळाली होती. मामा त्या आकड्याकडं बघत राहिले. मग पाना घेऊन आले.

नवी कॉइल बसली, पाणी तापलं. शिवप्रियानं पुढच्या रुळांचा वेग वाढवला. सहा. सात. धागे आता तुटतील, मग तुटतील म्हणून मामा टाकीपाशीच उभे राहिले. आठ. धागे तारांसारखे ताठ पळत होते. एकही तुटला नाही.

तिसऱ्या दिवशी दोघं नवा दोर घेऊन माकणीला गेली. गळ टाकून मोटार अडकवली, कप्पीवरून चौघांनी ओढली. ती चिखलासकट काठावर आली.

"लई पक्का!" अण्णा खूश झाले. "आठपट ओढलाय व्हय? मग धा पट ओढा की."

"दोर आणखी ताठ होईल, अण्णा. पण गाठ मारली की तिथंच मोडेल."

"आठच बरं," मामा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कळंबच्या दुकानात आपला पाचाचा माल पडलाय. त्याचं काय?"

"माघारी आणायचा. आजच."

मामांनी मान हलवली आणि दुकानदाराला फोन लावला.