कच्चे दाणे

शनिवारी पहाटे साडेपाचला पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलेल्या भट्टीवाल्यांना ओव्हनशेजारी एक काचेची बरणी दिसली आणि तिच्यावरची चिठ्ठी वाचून ते हातातला पेला तसाच धरून उभे राहिले. चिठ्ठीवर सुनेच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिले होते : ‘कच्चे दाणे. रविवारसाठी.’ बरणीत अर्धा किलो कोकोचे दाणे होते. फिकट तपकिरी, सुरकुतलेले, वाळवलेले, पण विस्तवाचे तोंड न पाहिलेले.

‘भट्टीवाले’ हे अर्थातच आईवडिलांनी ठेवलेले नाव नव्हे. चॉकलेटच्या कारखान्यात चौतीस वर्षे दाणे भाजण्याच्या भट्टीवर उभे राहिल्यामुळे ते त्यांना चिकटले, आणि निवृत्तीनंतर तीन वर्षांनीही निघाले नाही. कारखान्यात गोदामातून येणाऱ्या पोत्यावर खडूने एकच शब्द लिहिलेला असे : ‘कच्चे’. भट्टीच्या दाराशी तेवढा शब्द पुरे होता. त्याला कुणी ‘कृपया’ जोडले नाही, की ‘भाजून द्यावे’ असे शेपूट लावले नाही. पोते आले, शब्द वाचला, भट्टी पेटली.

इथे थोडे शब्दाविषयी बोलले पाहिजे, कारण पुढे जे घडले त्याचा दोष माणसांना देण्याआधी शब्दाला द्यावा, असे माझे मत आहे. मराठीत कच्चा म्हणजे अजून पक्का न झालेला. कच्चा रस्ता, कच्चा मसुदा, कच्चे मडके, गणितात कच्चा मुलगा. या प्रत्येक ठिकाणी पुढे काहीतरी व्हायचे राहिले आहे, ही सूचना त्या शब्दाच्या पोटातच असते. जे कच्चे आहे आणि कच्चेच राहणार आहे, त्यात काही उणे नाही, असे सांगायला आपण हा शब्द फारसा वापरत नाही. सुनेने तो नेमका त्या अर्थाने वापरला होता.

आठ महिन्यांपूर्वी ती जिथे काम करत होती ती रक्त तपासण्याची प्रयोगशाळा बंद पडली. नवी नोकरी मिळेना. त्याच सुमारास सासूबाईंची साखर वाढली, म्हणून तिने घरी चॉकलेट करायला घेतले : दूध नाही, लोणी नाही, साखर नाही, डझनभर तुकड्यांना दोन खजूर, भिजवून वाळवलेल्या बदामांचा कूट, कोकोची पूड, कोमट पाण्यावर वितळवलेले कोकोचे तूप आणि चिमूटभर मीठ. सगळे बेचाळीस अंशांच्या आत. ती त्याला ‘रॉ’ म्हणे. भट्टीवाल्यांना वाटे, ‘रॉ’ ही कोकोची एखादी नवी जात असावी. त्यांनी विचारले नाही, कारण चौतीस वर्षांच्या अनुभवी माणसाने घरात विचारायचे म्हणजे काय! तिनेही सांगितले नाही, कारण पहिला तुकडा चाखल्यावर सासऱ्यांनी “ठीक आहे” असे म्हणून उरलेला अर्धा बशीच्या कडेला ठेवला होता, आणि ते ‘ठीक आहे’ तिच्या मनात रुतून बसले होते.

आजवर ती बाजारातली न भाजलेल्या दाण्यांची पूड वापरत होती. पण कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेच्या व्यवस्थापिकेने रविवारी सकाळी साठ तुकडे आणायला सांगितले होते. आवडले तर काउंटरवर तिची बरणी कायमची राहणार होती. आठ महिन्यांनी कुणीतरी तिच्या कामाला जागा देऊ करत होते. म्हणून तिने प्रथमच आख्खे दाणे मागवले आणि सासूबाईंनी चुकून दुसऱ्या कशात घालू नयेत म्हणून वर मराठीत चिठ्ठी लावली.

भट्टीवाल्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. बरणी ओव्हनला खेटून ठेवलेली. मुदत दिलेली. मुलीची जात, तोंडाने सांगायला संकोचली असेल. त्यांनी पेला खाली ठेवला आणि बाह्या वर सारल्या.

ओव्हन एकशे तीस अंशांवर तापवून त्यांनी दाणे पत्र्यावर एकेरी थरात पसरले. पहिल्या पाच मिनिटांत आंबूस वास आला, मग ताज्या पावासारखा, आणि मग तो, ज्याच्यासाठी जगभरची माणसे दुकानाच्या काचेपाशी रेंगाळतात. साले तडतडू लागली. तेविसाव्या मिनिटाला, घड्याळाकडे न बघता, त्यांनी पत्रा बाहेर काढला. एक दाणा चिमटीत दाबला. साल कागदासारखे सुटले. तीन वर्षांत त्यांना इतके बरे वाटले नव्हते.

वासाने सून उठून आली. दारातच थांबली.

“बाबा, हे काय केलंत?”

“झालं तुझं काम! एक दाणा करपला असेल तर शपथ. साल बघ कसं निघतंय.”

“भाजलेत?”

“मग? उकडायचे होते का?”

ती खुर्चीवर बसली. ओरडली असती तर भट्टीवाल्यांना उत्तर सुचले असते. पण ती नुसती पत्र्याकडे बघत राहिली, तेव्हा त्यांनी वर सारलेल्या बाह्या खाली ओढल्या.

“बाबा, ते कच्चेच हवे होते. रॉ म्हणजे कच्चं. न भाजलेलं. लोक त्यासाठीच घेतात.”

“कच्चं चॉकलेट?” भट्टीवाले म्हणाले. “अगं, पण तू लिहिलंस ना, कच्चे म्हणून!”

“हो. कच्चे आहेत, असं लिहिलं.”

“तेच तर. कच्चे आहेत, असं लिहिलं की भाजायचे असतात!”

दोघांचेही म्हणणे बरोबर होते, आणि त्यामुळे भांडणाला जागाच उरली नव्हती.

तेवढ्यात सासूबाई आल्या. झाला प्रकार त्यांनी दोन वाक्यांत समजून घेतला आणि नवऱ्याकडे वळल्या. “अहो, चौतीस वर्षं तुमच्या शर्टाला चॉकलेटचा वास आला, पण घरी कधी तुकडा आला नाही. आता सुनेच्या हातचा मिळायला लागला, तर तिथेही तुमची भट्टी आडवी आली!”

“मला काय माहीत?”

“विचारायचं होतं. तोंड काय भाड्याने आणलंय?”

सून उठून फडताळ धुंडाळू लागली. पुडीच्या डब्यात दोन चमचे उरले होते. पूड किंवा दाणे मागवले तर यायला चार-पाच दिवस लागणार होते.

“माझ्या कारखान्यातून आणू का?” भट्टीवाले म्हणाले. “गोदामवाला ओळखीचा आहे.” आणि तिने मान वर करण्याआधी त्यांनी स्वतःच हात झटकला. “नाही. नको. ते दाणे अंगणात वाळवतात, त्यांच्यावरून कुत्री जातात, कोंबड्या जातात. भट्टी आहे म्हणून ते खपतं. न भाजता कुणाच्या पोटात घालायचे नाहीत. तुझे निराळे असतील.”

“धुऊन, तपासून आलेले होते,” ती म्हणाली. “कागद आहे माझ्याकडे.”

“मग तर माझं आणखीच चुकलं.”

सासूबाईंनी व्यवहाराचा मार्ग काढला. “यांचेच करून दे. सांगायचं कशाला? साखर नाही, दूध नाही, हे तर खरंच आहे. कुणाच्या जिभेला थर्मामीटर लावलेलं नसतं.”

सुनेने क्षणभर विचार केला. केला, हे लपवण्यात अर्थ नाही; आठ महिने घरी बसलेल्या माणसाला असा विचार करण्याचा हक्क असतो. पण तिच्याआधी भट्टीवालेच उसळले.

“छट्! पोत्यावर एक आणि आत दुसरं? माझ्या भट्टीवर असं एकदाही झालं नाही.”

“तुमच्या भट्टीनेच तर ही वेळ आणली,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, मी फोन करून नाही म्हणून सांगते,” सून म्हणाली.

“फोनवर नाही म्हणणं फार सोपं असतं,” भट्टीवाले म्हणाले. “समोरच्यालाही मग दुसरं कुणी शोधणं सोपं जातं. याचे तुकडे कर. उद्या जाऊन तोंडावर सांग, की हे भाजलेले आहेत. मी येतो बरोबर. चूक माझी आहे, ती मी सांगेन.”

“आणि तिने परत पाठवलं तर?”

“तर परत येऊ. पाय आहेत.”

दिवसभर दोघांनी काम केले. साले निघायला अर्धा तास लागला. लहानशा दगडी ग्राइंडरमध्ये दाणे वाटता वाटता ती दर दहा मिनिटांनी बटण बंद करून थर्मामीटर बुडवत होती. घर्षणाने लगदा तापतो, आणि बेचाळीसच्या वर जाऊ द्यायचा नसतो.

“आता कशाला मोजतेस?” भट्टीवाल्यांनी विचारले. “एकशे तीसवरून आलेत ते.”

ती पहिल्यांदाच हसली. “सवय झालीय. तुम्हाला नाही का पहाटे उठायची?”

खजूर घालताना त्यांनी विचारले, “एवढेच? साठ तुकड्यांना दहा?”

“आईंना चालतील एवढेच.”

त्यांनी लगदा चाखला. जिभेवर घोळवला. मग म्हणाले, “कमी गोड असलं की दाणा लपत नाही गं. कारखान्यात आम्ही इतकी साखर घालत होतो की, मी काय भाजतो ते मलाच कळत नव्हतं.” हे त्यांनी ‘ठीक आहे’पेक्षा बऱ्याच हळू आवाजात म्हटले, पण तिने ऐकले.

रविवारी सकाळी सात वाजता दोघे डबा घेऊन व्यायामशाळेत गेले. व्यवस्थापिका चाळिशीची, आखूड केसांची बाई होती. एका हाताने ती लॉकरच्या किल्ल्या मांडत होती आणि दुसऱ्याने टॉवेल. काउंटरमागच्या फळ्यावर तिने आधीच लिहून ठेवले होते : ‘आजपासून घरगुती रॉ चॉकलेट!’ सुनेचे पाय त्या उद्गारचिन्हाशी अडखळले.

भट्टीवाले पुढे झाले. “बाई, हे रॉ नाही. मी हिचा सासरा. हिने दाणे कच्चे ठेवले होते, मी ते भाजले.”

“भाजले? का?”

“वर लिहिलं होतं, कच्चे.”

बाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. मग तिला ते समजले, आणि ती किल्ल्या टाकून खदखदून हसली. “म्हणजे मी ‘ओले टॉवेल’ लिहून ठेवले, तर तुम्ही ते वाळत घालाल!”

“घालीन,” भट्टीवाले गंभीरपणे म्हणाले. “ओले टॉवेल ठेवतं का कुणी?”

बाईने एक तुकडा तोंडात टाकला. हसणे थांबले. चघळून झाल्यावर ती सुनेला म्हणाली, “सुरेख आहे. पण मला रॉ हवं होतं, कारण इथे पाचसहाजण असे आहेत की जे दुसरं काही घेतच नाहीत. त्यांना मी काय सांगू?”

“आज नाही, असं सांगा,” सून म्हणाली. “मी रॉ म्हणून दिलं, तर ते रॉ असेल. आज ते नाही, म्हणून देत नाही.”

बाईने काउंटरवर बोटे वाजवली. बाहेर जिन्यावर पावले वाजू लागली होती. “वीस ठेवा,” ती म्हणाली. “साखर वाढलेले लोक माझ्याकडे कमी नाहीत. बाकीचे न्या, ते रॉ म्हणून हसतमुखाने खोटं विकण्याइतका वेळ मला नाही. फळा मी पुसते. पुढच्या रविवारी कच्चं आणा. साठ. ते चाललं तर बरणी ठेवू, आणि त्यात बिघडलं तर मात्र मी दुसरीकडे बघेन. कबूल?”

“कबूल.”

“आणि यांना...” तिने भट्टीवाल्यांकडे हनुवटी केली.

“यांना मी सांभाळते,” सून म्हणाली.

चाळीस तुकड्यांचा डबा घेऊन ते परत निघाले. रस्ता चढाचा होता. पाव विकणाऱ्या दुकानाची शटरे वर जात होती आणि एक माणूस कुत्र्याला फिरवण्याऐवजी कुत्र्यामागे फिरत होता.

“एक आठवडा मिळाला,” भट्टीवाले म्हणाले.

“मिळाला. घरी पोचले की दाणे मागवते. शुक्रवारपर्यंत आले पाहिजेत.” मग थोड्या वेळाने, “बाबा, शनिवारी सोलायला बसाल?”

“सोलायला? त्यात काय बसायचं? हातात घेतलं की साल...” ते थांबले. चौतीस वर्षांत त्यांनी न भाजलेला दाणा सोलला नव्हता. “अरे हो. भाजल्याशिवाय साल सुटणार कसं?”

“सुटत नाही. नखाने काढावं लागतं. एकेक.”

“अर्ध्या किलोत साडेचारशे दाणे होतात.”

“हो.”

“साडेचारशे!” त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिले. “हे काम कुणाला सांगितलं, तर तो युनियन काढेल.”

“म्हणून तर घरच्या माणसाला सांगतेय.”

भट्टीवाले चालत राहिले. मग डबा तिच्या हातून स्वतःकडे घेत म्हणाले, “पाचला बसतो मी. तू सातला उठ. पण तोवर ओव्हनची वायर काढून तुझ्या खोलीत ठेव.”