ताईची बरगडी

गठ्ठा काही जड नव्हता. अल्टरेशनला आलेल्या दहाबारा पँटी, बस. पण ताई तो उचलायला वाकली आणि बरगडीत कट्‌ असा आवाज झाला. पाठदुखीनं ती वर्षभर हैराण होतीच. जिना चढताना दमही लागायचा. शिलाईच्या दुकानात तिच्याबरोबर काम करणारा धाकटा भाऊ म्हणायचा, "दिवसभर मशीनवर वाकून बसतेस, दुसरं काय होणार?"

एक्सरेत बरगडी मोडलेली दिसली. एवढ्यानं मोडली म्हटल्यावर हाडांच्या डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी रक्त तपासलं आणि तिला रक्तविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तिथे कमरेच्या हाडातून मज्जेचा नमुना घेतला. आठवड्यानं नाव कळलं: मल्टिपल मायलोमा. रक्ताचा कॅन्सर.

भावाचा चेहरा उतरला. ताईनं मात्र विचारलं, "रक्ताचा आहे, तर हाड का मोडलं?"

"रक्त हाडांच्या आतल्या मज्जेतच तयार होतं," बाई म्हणाल्या. "तिथल्या प्लाझ्मा पेशी जंतूंशी लढणारी प्रथिनं बनवतात. तुमची एक पेशी बिघडली आणि तिची पिल्लावळ वाढली. ती निकामी प्रथिन बनवते, चांगल्या रक्ताला जागा ठेवत नाही, हाडं पोखरते. म्हणून दम, म्हणून बरगडी."

"बरी होईन?"

"मुळासकट जाईल असं खोटं सांगणार नाही. पण आटोक्यात येतो. आता औषधं पुष्कळ आहेत. वर्षानुवर्षं कामधंदा करणारे पेशंट आहेत माझ्याकडे."

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "मी आपला मशीनलाच दोष देत बसलो."

"मग आधी तिची माफी माग," ताई म्हणाली. दोघं हसली, ताईला बरगडी धरून हसावं लागलं.

मग दर आठवड्याला पोटात इंजेक्शन, गोळ्या, महिन्यातून एकदा हाडांसाठी सलाइन. पहिले दोन महिने वाईट गेले. तोंडाची चव गेली, तळपायांना मुंग्या यायच्या, आणि स्टेरॉइडच्या गोळीच्या दिवशी ती दिसेल त्याच्यावर खेकसायची. भावानं दुकान एकट्यानं ओढलं. त्यानं लावलेली बटणं तुटली म्हणून गिऱ्हाइकं कपडे परत आणायची, पण कुणी दुसरीकडे गेलं नाही.

पाचव्या महिन्यात ते निकामी प्रथिन रक्तात जेमतेम उरलं. रिपोर्ट वाचून बाई प्रसन्न दिसल्या, तेव्हा ताईनं हळूच विचारलं, "एका शाळेचे बाराशे गणवेश शिवायचेत. वर्षभराचं काम आहे. घेऊ का?"

"घ्या. औषध चुकवू नका, म्हणजे झालं."

त्याच दुपारी तिनं पहिल्या दहा शर्टांचं कापड बेतलं, आणि मग तासभर निवांत आडवी झाली.