जाळ्याच्या पिशव्या

यंदाच्या नाताळात आमच्या नववीच्या वर्गात प्लास्टिकचा एक कपटासुद्धा आला नाही, आणि तो माझ्यामुळे आला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझा आवाज एवढा मोठा राहणार नाही.

त्याचं झालं असं, की पावसाळा संपता संपता तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले. विषय होता 'समुद्र आणि प्लास्टिक'. त्याआधी मी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. पण बक्षीस घेऊन स्टेजवरून उतरले ती कोणी वेगळीच अक्षया होती. किनाऱ्यावर बाटल्या टाकणाऱ्या पर्यटकांना मी हटकायला लागले, वडेवाल्याला प्लास्टिकच्या पिशव्यांवरून सुनवायला लागले. बाबा म्हणायचे, "आता आमच्या घरात भोंगो लावूक नको. असलेलो पुरे."

आमच्या वर्गात दर डिसेंबरात चिठ्ठ्या टाकून एकमेकांना नाताळची भेट द्यायची पद्धत आहे. दरवर्षी तेच. चमचमणारा कागद, आत प्लास्टिकची कंपासपेटी, आणि तिचं झाकण संक्रांतीपर्यंत तुटलेलं. यंदा मी सरळ बाकावर उभी राहिले आणि जाहीर केलं, की दुकानातलं काहीही चालणार नाही. घरातलं, परसातलं, नाहीतर आपल्या हातचं.

"मगे माका काय गावतला? शेणी?" लविना फर्नांडिस म्हणाली. ती माझी जिवाभावाची मैत्रीण, आणि नाताळ मुळात तिच्या घरचा, त्यामुळे सगळा वर्ग हसला. पण संध्याकाळी तीच येऊन म्हणाली, "मम्मी सांगता, दोदोल करून दितलंय. केळीच्या पानात." दोदोल म्हणजे नारळाच्या रसातला गुळाचा हलवा. मग सगळ्यांनाच सुचायला लागलं. कोणी कोकमं म्हटलं, कोणी करवंटीचे दिवे. सर्वेश काजूगर देणार होता, वाटेत त्याने खाल्ले नाहीत तर.

प्रश्न एवढाच उरला, की हे सगळं द्यायचं कशातून?

"मी बघतंय," मी म्हटलं. तेव्हा मी सगळंच बघायचे.

आमच्या घरामागे मांगर आहे. लाकडं, गवत, मोडके खांब, काय वाट्टेल ते तिथे असतं. आढ्याला एक जुनं जाळं टांगलेलं होतं. नायलॉनचं नव्हे, सुती. ऐनाच्या सालीच्या काढ्यात रंगवलेलं, चहासारखं तांबूस. नाकाशी धरलं तर अजून थोडा समुद्र आणि थोडं जंगल, असा वास. ते बघितलं आणि माझ्या डोळ्यांपुढे पिशव्याच पिशव्या आल्या. टाकाऊतून टिकाऊ! यापेक्षा पर्यावरणपूरक ते काय असणार?

आजोबांना विचारलं असतं, पण ते देवगडला आत्याकडे होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. म्हणून मी बाबांना विचारलं. बाबा पर्यटकांना होडीतून समुद्रात फिरवतात, आणि डिसेंबरात त्यांना श्वास घ्यायलाही वेळ नसतो. ते लाइफ जॅकेटांच्या ढिगात बसून फाटके पट्टे शोधत होते.

"बाबा, मांगरातला जुना जाळां घेव?"

"कित्याक?"

"पिशये करूक. नाताळाचे."

"नेय गो. उंदीरच खातत ता." त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही.

लविना आणि मी पडवीत बसून कापत होतो. कापताना मला दिसलं, की जाळ्याच्या एका अर्ध्या भागातल्या गाठी बारीक, घट्ट, एकीसारखी दुसरी. आणि दुसऱ्या अर्ध्यातल्या मोठ्या, सैल. "दोघांनी विणला असताला," मी लविनाला म्हटलं, "एक टापटीप आणि एक आळशी." आम्ही हसलो. दोन्ही गाठी जिथे भेटत होत्या, तिथे आपोआप नक्षीसारखं दिसत होतं. तो तुकडा मी मुद्दाम बाजूला काढला, सगळ्यात सुंदर पिशवीसाठी. कडा काथ्याच्या दोरीने शिवल्या. सगळं जाळं संपलं.

वर्गात काय मजा आली म्हणून सांगू! मॅडमनी आम्हा सगळ्यांना पिशव्या हातात उंच धरायला लावून फोटो काढला. लविनाच्या मम्मीनं तर एक पिशवी त्यांच्या गोठ्याशेजारी टांगली. म्हणजे बाळ येशूचा गोठा, देखाव्यातला.

नाताळच्या आदल्या दिवशी आजोबा आले. खरं तर त्यांनी नवीन वर्षापर्यंत देवगडलाच राहायचं होतं. आत्या फोनवर चिडली होती, "आयकणत नाय. घराक जातंय, घराक जातंय, एवढांच चालू." डोळ्यांवर मोठा काळा चष्मा लावून ते एसटीतून उतरले, आणि मी त्यांना नीट बसूसुद्धा दिलं नाही.

"आजोबा, हात फुडे करा. नाताळाची भेट!"

"आमचो कधी झालो गो नाताळ?" ते हसले आणि त्यांनी हात पुढे केले.

मी ती सुंदर पिशवी त्यांच्या हातात ठेवली. आत लविनाच्या घरचं दोदोल होतं. पण त्यांनी आत बघितलंच नाही. चष्म्यातून त्यांना धड दिसतही नव्हतं. त्यांचा अंगठा एका गाठीवर गेला, मग दुसरीवर, मग जिथे बारीक गाठी संपून मोठ्या सुरू होतात तिथे, आणि तिथेच थांबला.

"ह्यां खंय गावलां तुका?"

"मांगरात! जुना जाळां होता ना, त्याचे सगळ्या वर्गाक पिशये केलंय. ही सगळ्यात बेस्ट, ती तुमका."

"सगळां कापलंस?"

"सगळां," मी म्हटलं. अभिमानाने म्हटलं. तो एक शब्द मला अजून माझ्याच आवाजात ऐकू येतो.

"बरी केलंस पिशवी," आजोबा म्हणाले. बाबा घरी आले तेव्हा आजोबांनी फक्त पिशवी वर करून दाखवली, आणि बाबांनी कपाळावर हात मारला.

आमच्या वाडीत पूर्वी रापण असायची. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. ते एकट्याचं नसतं. आमच्याकडे प्रत्येक घराने आपापल्या जाळ्याचा तुकडा आणायचा, तुकडे एकमेकांना बांधायचे, आणि सगळ्यांनी मिळून दोर ओढायचे. ज्याचा तुकडा पाण्यात, ते घर रापणीत. गेली कित्येक वर्षं ती बंदच होती. पण आजोबांचे रापणीतले जुने सोबती काशीराम तांडेल देवगडला त्यांना बघायला गेले होते, आणि त्यांनी सांगितलं, की नवीन वर्षात रापण पुन्हा लावायची, यंदा नक्की. ते ऐकून आजोबा घरी यायला निघाले होते. डॉक्टरांनी वाकायचं नाही, ओढायचं नाही म्हणून बजावलं होतं. काशीरामांना ते म्हणाले होते, "माका दोर ओढूक जमाचो नाय. माजां जाळां तरी जाव दे पाण्यात. पयल्या ओढीक तरी."

"बाबा, मीच तिका नेय म्हणान सांगलंय," माझे बाबा आजोबांना म्हणाले. "काशीकाकान माका गणपतीतच सांगल्यान होता, रापण लावतलो म्हणान. माका वाटला, दरवर्षी बोलतत तसाच."

"ऱ्हवांदे रे." आजोबांचा अंगठा अजून गाठींवरच होता. "अर्दां माजां, अर्दां विमलाचां. ती अशे आवळ गाठी घाली. मी म्हणी, एवढे आवळ कित्याक, मासो काय पळान जाता? तर म्हणी, तुमच्या बाजून जाता."

विमला म्हणजे माझी आजी. मी तिला पाहिलेलंच नाही. तिच्या हातचं घरात काय उरलंय असं मला कोणी विचारलं असतं, तर मी एक फोटो दाखवला असता.

नाताळच्या दिवशी मी पिशव्या परत मागत दारोदार फिरले. लविना सोबत आली, सणाचा दिवस असून. भाषणात अडखळले नव्हते तेवढी त्या दिवशी प्रत्येक उंबऱ्यावर अडखळले. एका पिशवीत कांदे भरले होते. एक कोणाच्या मावशीबरोबर गोव्याला गेली होती. सर्वेशने आपल्या पिशवीत क्रिकेटचे चेंडू ठेवले होते.

"दिलेली भेट परत मागतंस?" तो म्हणाला. "भाषणात ह्यां नाय होतां गो."

लविना त्याच्यावर ओरडली. मी नाही. काय ओरडणार?

जेवढ्या मिळाल्या तेवढ्या आजोबांपुढे ठेवल्या. त्यांनी लाकडी सुई काढली, दोन तुकडे मांडीवर धरले, पण कापलेल्या कडेला सुई घातली की शेजारचीच गाठ सुटायची. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ऑपरेशनमुळे येतं म्हणाले. मी मान डोलावली. थोड्या वेळाने त्यांनी सुई माझ्या हातात दिली. "ठेय ती जाग्यार."

बाबांनी मालवणातून नायलॉनचा तुकडा आणला, हिरवागार. त्यामुळे आमचं घर रापणीत राहिलं, तसं म्हटलं तर.

रापण लागली त्या सकाळी आजोबा पालथ्या होडीवर बसले. काशीराम तांडेल ओरडले, "दत्ताराम, ये रे! नुसतो हात तरी लाय!" आजोबांनी लांबूनच हात हलवला. त्यांच्या जागी मी दोर धरला. सगळी वाडी ओढत होती, हसत होती, एकमेकांना शिव्या घालत होती. आणि मी ओढता ओढता पाण्यातून वर येणाऱ्या जाळ्यात एक तांबूस तुकडा शोधत होते, तिथे नाही हे माहीत असून.

मासळी बरी मिळाली. थोडे बांगडे, बाकी तारल्या. वाटे झाले, आणि आमचा वाटा घ्यायला आजोबांनी सदऱ्याच्या खिशातून माझी पिशवी काढली. मला वाटलं होतं, त्यांनी ती कुठेतरी ठेवून दिली असेल.

घरी येताना पिशवी त्यांनीच धरली होती. चार पावलं झाली नाहीत तोच एक तारली वाळूत पडली. मग आणखी एक. मी हळूच उचलून घेतल्या. पण त्यांना ऐकू आलं असावं.

"माज्याच बाजून जातत ना?" आजोबांनी विचारलं.

मी पिशवीखाली दोन्ही हातांची ओंजळ धरली.

"होय," मी म्हटलं.