सात नंबर वॉर्डचा अहवाल

न्हाणीघरात रबरी चटई घातली की रुग्ण घसरून पडत नाहीत, असं अकरा छापील लेख एकमुखाने सांगत होते. एका संशोधिकेचा त्यांच्यावर पुरता विश्वास बसला, इतका की तिने आपल्या म्हाताऱ्या आईलाही एक चटई नेऊन दिली. शुक्रवारी या लेखांचा तिचा आढावा सरकारकडे गेला की सगळ्या सरकारी दवाखान्यांत चटया पडणार होत्या. पण तिचे साहेब पडले चिकित्सक. "फसलेला उपाय कोण छापतं? ग्रे लिटरेचर शोधा," म्हणाले. म्हणजे कधीच छापून न आलेले, कुठल्या तरी कपाटात धूळ खात पडलेले अहवाल.

तिने त्रेचाळीस कार्यालयांना पत्रं धाडली. बेचाळीस जणांनी तोंडातून ब्र काढला नाही. उरलेल्या एका कारकुनाने जुन्या वहीतली ओळ कळवली: 'चटई चाचणी, वॉर्ड सात. प्रत सिस्टर इनचार्जनी घरी नेली.'

तिने कपाळावर हात मारला. सात नंबरच्या सिस्टर इनचार्ज म्हणजे तिची सख्खी मावशी! आता निवृत्त, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, आणि जेवायला बसली की चटईच्या नावाने खडे फोडणारी. दर वेळी भाचीच तिला गप्प करायची, "मावशी, हा अनुभव झाला. पुरावा नव्हे."

भाचीने घरी जाऊन विचारताच मावशीने स्वयंपाकघरातला खण ओढला, चमचे टेबलावर ओतले आणि खणाच्या तळाशी अंथरलेले कागद तिच्या हातात दिले. "घे. काखेत कळसा नि गावाला वळसा."

तेलाचे डाग सोडले तर अहवाल चोख होता. चटई नव्हती त्या तीन महिन्यांत नऊ जण पडले, चटई घातल्यावरच्या तीन महिन्यांत सतरा. ओलीने कडा वर वळायच्या आणि पाय अडकायचा.

"छापायला का नाही दिलास गं?"

"दिला होता की. डॉक्टर म्हणाले, जमलं नाही त्यात छापायचं काय?"

भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ती पुराव्याच्या शेजारी बसून जेवत होती आणि त्यालाच गप्प बस म्हणत होती. "चुकलं माझं, मावशी. आढाव्यात तुझं नाव ठळक घालते."

"नाव घाल सावकाश. आधी जाऊन ताईची चटई उचल."

भाचीने उलट्यासुलट्या चपला अडकवल्या आणि जिन्याकडे धाव घेतली.

"अगं हळू!" मावशी मागून ओरडली. "अठरावी होशील!"