शिवण बाहेरच राहू द्या

मी डावा मोजा बोलतोय. उजवा माझ्या शेजारीच घडीत आहे, पण तो पहिल्यापासून अबोल. बोलायचं मी आणि ऐकून घ्यायचं त्यानं, अशी आमची वाटणी.

मोजा म्हटलं की तुम्हांला टाच, तळवा आणि अंगठ्याचं भोक आठवेल. तसला मी नव्हे. मला तळवाच नाही. घोट्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत माझी हद्द. आतून मऊ सुती कापड, नडगीवर येतं तिथे स्पंजाची जाड पट्टी आणि बाहेरून दाट विणीचं आवरण. काही माणसांची कातडी वयानं किंवा औषधांनी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते. खुर्ची नुसती घासली तरी जांभळा डाग पडतो, कधी कातडी फाटतेच. फाटलेला कपडा रफू करता येतो, कातडी करता येत नाही. अशा पायांसाठी आमचा जन्म.

ज्या बाईनं मला शिवलं ती कारखान्यात खिडकीजवळच्या मशीनवर बसायची. शेजारी नवीन लागलेल्या मुलीनं माझ्याकडे बघून तिला विचारलं, हे उलटं नाही का झालं, शिवण बाहेर आली, लेबलसुद्धा बाहेर. मशीन न थांबवता ती म्हणाली, "असू दे बाहेर. कातडीला मऊ बाजू लागली पाहिजे. हा काय मिरवायचा कपडा आहे?"

तेव्हापासून मी असा. दिसायला उलटा, असायला सुलट. ही माझी जन्मखूण पुढे एका भल्या माणसाला केवढ्याला पडणार होती, ते तिला कुठून कळणार?

मी आलो तो लाँड्रीमामींच्या पायांवर. त्यांना आणि लाँड्रीमामांना सगळी गल्ली याच नावानं ओळखायची. खाली रस्त्याला लागून त्यांची लाँड्री होती, वर दोन खोल्यांचं घर. मामा आत टेबलाशी इस्त्री करायचे, मामी पुढे गिऱ्हाईक सांभाळायच्या. कुणाच्या शर्टाचं कुठलं बटण सैल आहे हे मामींना पाठ, आणि कुणाच्या घरात काय शिजतंय तेही. मामा मितभाषी. पण एका बाबतीत त्यांचं बोलणं ऐकून गिऱ्हाइकांचे कान किटले होते. त्यांच्या दुकानातून कपडा उलटा जायचा नाही. कुणी घाईत उलटा शर्ट टाकून गेला तरी तो सुलट होऊन, कॉलर ताठ होऊनच परत जायचा. मामी म्हणायच्या, "आमच्या ह्यांच्या हातात मांजर दिलं तरी ते आधी बघतील, सुलट आहे ना."

मग मामींच्या पायांनी दगा दिला. काउंटरच्या फळीला नडगी घासली आणि कातडी अशी सोलली की महिनाभर ड्रेसिंग चाललं. जिने चढणं-उतरणं बंद झालं. मामांचेही खांदे आता इस्त्रीला कुरकुरत होते. त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं.

ज्या दिवशी मामा दुकानाच्या किल्ल्या नव्या माणसाला द्यायला खाली गेले, नेमक्या त्याच दिवशी ड्रेसिंगवाल्या सिस्टर आम्हांला घेऊन वर आल्या. मामींच्या पायांवर आम्हांला चढवता चढवता त्यांनी बजावलं, शिवण बाहेरच ठेवायची, आत आली तर तीच टोचेल. मामींनी मान हलवली. पाय इकडून तिकडून न्याहाळला आणि म्हणाल्या, "हे बरंय. आता लढाईवर जायला मोकळी."

मामा वर आले ते रिकाम्या हातांनी. किल्ल्यांचा जुडगा कमरेला नसल्यामुळे त्यांना चालताना आपलाच आवाज येत नव्हता, असं मामींनी नंतर लेकीला सांगितलं. ते खुर्चीत बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशीही. जेवायला हाक मारली की जेवायचे, पुन्हा भिंत. मामींनी नाना तऱ्हेनं डिवचलं, पण गडी बोलेना.

एका संध्याकाळी मामींनी आम्हांला काढून खाटेवर ठेवलं होतं. मामा उठले, आम्हांला उचललं, लेबल डोळ्यांपाशी धरून वाचलं. कोमट पाणी, इस्त्री नको. इस्त्री नको म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा पडला. पण कोमट पाण्याचं तसं नव्हतं. त्यांनी पाणी कोमट केलं, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघितलं आणि आम्हांला असं धुतलं की मला पुन्हा कोरा झाल्यासारखं वाटलं. धुता धुता ते गुणगुणत होते. सूर बेताचाच, पण खाटेवर मामी डोळे मिटून ऐकत होत्या.

वाळल्यावर त्यांनी आम्हांला टेबलावर घेतलं आणि थबकले. शिवण बाहेर, लेबल बाहेर. "बघ," ते मामींना म्हणाले, "कसे उलटे घालून दिलेत तुला त्या सिस्टरनी." बोट आत घालून त्यांनी एका झटक्यात आम्हांला फिरवलं. मग घडी. काय घडी होती ती. कडेला कड, कोपऱ्यावर कोपरा, वरून तळव्याचा एक हलका दाब.

मामी काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता बोलतील. बोलायला ही बाई कधी मागे हटली होती? पण त्यांनी घडी हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "झकास."

पुढे तसंच चालू राहिलं. मामा आम्हांला धुवायचे, फिरवायचे, घडी घालायचे. सकाळी ते दूध आणायला खाली गेले की मामी खाटेच्या कडेला बसून आम्हांला परत फिरवायच्या आणि मग पायात घालायच्या. थंडीच्या दिवसांत मामा लेकीनं पाठवलेली चादर किंवा स्वतःचा शर्ट इस्त्री करायला घेत आणि गरम इस्त्रीच्या बाजूला, बेताच्या अंतरावर, आम्हांला ठेवत. मामींच्या पायांवर आम्ही ऊबदार जायचो. उजवा त्या दिवसांत फार खुशीत असायचा, बोलून दाखवलं नाही इतकंच.

मग मामींची बोटं सुजायला लागली. आम्ही घट्ट, बोटं ताठर. एका सकाळी त्यांनी मला फिरवायला घेतलं आणि अर्ध्यातच सोडून दिलं. मामा जिना चढत असल्याचं ऐकू येत होतं. मामींनी मला होतो तसाच, शिवण आत ठेवून, वर ओढलं.

मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो. ज्या पायांना जपायला मी आलो, त्यांनाच माझी शिवण दिवसभर घासत होती, आणि मग रोजच. एक लाल रेघ उठली. मग घोट्याच्या वर एका जागी कातडी उघडली.

सिस्टर यायच्या आधी मामी आम्हांला काढून उशीखाली सारायच्या. त्यामुळे सिस्टरना दिसायची ती फक्त जखम. कुठेतरी आपटताय तुम्ही, असं त्या म्हणायच्या. मामी हो म्हणायच्या. मामा हे ऐकून पेटून उठले. घरातल्या ज्या वस्तूला कोपरा होता ती आरोपी ठरली.

लाँड्रीत वर्षानुवर्षं न नेलेल्या कपड्यांची एक पेटी त्यांनी वर आणून ठेवली होती. ती उघडली गेली. खाटेच्या लोखंडी कोपऱ्याला कुणाचा तरी जाडजूड कोट गुंडाळला गेला आणि तो सुटू नये म्हणून वरून टाय बांधला. स्टुलाला स्वेटर मिळाला. कपाटाच्या खालच्या दारावर एक घागरा आला. मामी खाटेवरून एकेकाला ओळखत होत्या, हा बँकेतल्या साहेबांचा कोट, हा नाचाच्या क्लासवालीचा घागरा. "अहो," त्या म्हणाल्या, "त्या स्टुलाला चहा विचारा. इतका नटूनथटून आलाय."

मामा हसले नाहीत. कारण जखमा थांबत नव्हत्या. एक भरत आली की तिच्या वर दुसरी.

लेक येऊन बघून गेली. ती मामींसारखीच बोलकी, पण त्या दिवशी मोजकंच बोलली. तिनं मामांना स्वयंपाकघरात नेलं. पुन्हा कातडी फाटली तर मी आईला घेऊन जाणार, असं तिनं सांगितलं. तिच्या घरी एका माणसापुरतीच जागा होती, हे तिलाही माहीत होतं आणि मामांनाही. बाहेर खाटेवर मामींना सगळं ऐकू येत होतं. भिंती पातळ होत्या.

आणि कातडी पुन्हा फाटली.

लेक न्यायला येणार त्याच्या आदल्या दुपारी मामी पायांना ड्रेसिंग बांधून पडल्या होत्या. आम्ही धुतलेले, वाळलेले, मामांच्या रीतीनं सुलट, म्हणजे शिवण आत करून ठेवलेले. मामांनी एकाएकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आम्हांला स्वतःच्या पायांत चढवलं. मग ते चालायला लागले. मामींसारखं, जपून, आखूड पावलं टाकत. खाटेपासून मोरीपर्यंत, मोरीपासून खिडकीपर्यंत.

"हे काय नवीन?" मामींनी विचारलं.

"तुझ्या वाटेनं चालून बघतोय. कोण आडवं येतंय ते कळेल."

कुणीच आडवं येत नव्हतं. कोट, स्वेटर, घागरा, सगळे अंग चोरून उभे होते. मामा हरले. मग त्यांना मामींची बॅग भरायची आठवण झाली. मामींचे कपडे इस्त्री केल्याशिवाय ते कसे जाऊ देणार? टेबल लावलं, इस्त्री तापवली आणि त्या कामात ते आम्हांला विसरले. सगळी दुपार ते उभे होते. एकेका कपड्यावरून इस्त्री अशी संथपणे फिरवत होते, जणू शेवटचा आला की बॅग बंद करावी लागेल म्हणून.

ऊन खिडकीतून सरकून गेलं तेव्हा पाय चुरचुरतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. खुर्चीत बसून त्यांनी मला खाली ओढलं.

नडगीच्या कडेनं, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, एक सरळ लाल रेघ होती. तिच्यावर बारीक टाक्यांच्या खुणाही होत्या.

ती रेघ मामांनी जन्मभर पाहिली होती. गडद रंगाच्या कपड्याखाली शिवण आली आणि वरून इस्त्रीचा दाब पडला की असाच ठसा उमटतो. तो उमटू नये म्हणून तर ते आयुष्यभर जपत आले होते. कुठलाही कोपरा माणसाच्या पायावर इतकी सरळ रेघ काढत नाही.

त्यांनी इस्त्री बंद केली आणि खाटेपाशी येऊन बसले. मला मांडीवर ठेवलं, शिवणीवरून बोट फिरवलं.

"ही बाहेर असते?"

मामींनी आधी छताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हो. सिस्टरनी सांगितलं होतं. तुम्ही किल्ल्या द्यायला गेला होतात तेव्हा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"इतके दिवस भिंतीशी बसला होतात. मग एकदाचे उठलात. माझे मोजे धुताना गुणगुणलात." मामी थांबल्या. "म्हटलं, राहू दे. सकाळी मी फिरवून घेत जाईन."

मामांनी माझी शिवण पुन्हा एकदा बोटानं चाचपली.

"अगं, गुणगुणायला मला दुसरं काहीतरी सापडलं असतं," ते म्हणाले. "तुझे पाय कुठून आणले असते?"

"मला वाटलं, एक रेघच तर आहे."

"रेघ," मामा म्हणाले. त्यांनी स्वतःची नडगी मामींसमोर धरली. "ही बघ, मलापण दिलीस."

त्यावर मामी हसल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी लेक आली तेव्हा दोघांनी मिळून सगळं सांगितलं. लेक आधी आईवर चिडली, मग बापावर, मग खाली बसून बॅगेतले इस्त्रीचे कपडे एकेक करून कपाटात लावू लागली. जखम भरेपर्यंत बघू, इतकंच म्हणाली. जखम भरली. त्या जागी कातडी पुन्हा उघडली नाही. बॅग माळ्यावर गेली.

आणि मामांनी आयुष्यात पहिल्यांदा उलटी घडी घातली. पहिल्या वेळी त्यांचा हात अडखळला. बोट सवयीनं आत गेलं, मला फिरवू पाहत होतं. त्यांनी दुसऱ्या हातानं तो हात धरला, खोड्या काढणाऱ्या पोराचा धरतात तसा. मग शिवण बाहेर, लेबल बाहेर, कडेला कड, कोपऱ्यावर कोपरा. खाटेवरून आवाज आला, "झकास."

पुढच्या वर्षी मामी गेल्या. आपल्याच खाटेवर, मामा शेजारच्या खुर्चीत असताना. आजार वेगळा होता, त्यात माझं काही चालण्यासारखं नव्हतं. नंतर लेकीनं आम्हांला त्यांच्या पायांतून उतरवलं. पायांवर जुने वण होते, नवी रेघ एकही नव्हती. एवढं मी सांगू शकतो.

त्यानंतरही मामा आम्हांला धुवत राहिले. आम्ही मळलेले नसायचो. कोमट पाणी, दोरी, टेबल, घडी, मग मामींच्या उशीवर आम्ही. खाटेच्या कोपऱ्याचा कोटही त्यांनी काढला नाही. स्टुलाचा स्वेटर मात्र एका थंडीत त्यांनी स्वतःच्या अंगात चढवला.

मध्ये एकदा सिस्टर उरलेलं ड्रेसिंगचं सामान न्यायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, दोन गल्ल्या पलीकडे एक म्हातारे शिक्षक आहेत, मामींसारखीच कातडी, सुनेला हे मोजे कुठे मिळतात तेही ठाऊक नाही. मागितलं त्यांनी काहीच नव्हतं. सिस्टर पायऱ्या उतरायला लागल्यावर मामांनी हाक मारून त्यांना थांबवलं.

त्यांनी पुन्हा पाणी कोमट केलं. सिस्टर म्हणाल्या, अहो, स्वच्छ तर आहेत. मामांनी ऐकलं नाही. आमचं पाणी पिळलं, टॉवेलात दाबून काढलं, इस्त्रीच्या उबेपाशी धरून सुकवलं. सिस्टर चहाचा कप घेऊन बसून राहिल्या. मग घडी. या वेळी तळव्याचा दाब जरा जास्त वेळ राहिला.

"सुनेला सांगा," मामा म्हणाले, "हा उलटा दिसतो, पण उलटा नाही. सुलट करायला जाऊ नका म्हणावं. आणि त्या सरांना सांगा, टोचलं तर बोलायचं. घरच्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसायचं नाही."

आता मी सिस्टरच्या पिशवीत आहे. खाली पट्ट्यांची गुंडाळी, वर मलमाची बाटली. पिशवी जिना उतरतेय, तशी मला वरच्या खोलीतली खुर्ची सरकल्याचं ऐकू येतंय. मी कान लावून आहे. भिंतीकडे की टेबलाकडे?

टेबलाकडे. इस्त्री ठेवल्याचा आवाज मी कुठेही ओळखीन. आणि त्याच्यामागून, बेसूर का होईना, गुणगुणणं.

उजव्या, ऐकतोयस ना?